बहुविश्व : कोणतं मानायचं, किती मानायचं आणि कशाच्या जोरावर?

गोपाद्री (धागाकर्ता)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. गुरुत्वाकर्षणाचा धडा संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, दुसऱ्या विश्वात आपण सगळे पुन्हा असतो, हे सिद्ध झालंय ना?" हाच विषय गणपतीत मंडळात निघाला की वडीलधारी मंडळी एका वाक्यात निकाल लावतात : हे विज्ञान नव्हे, कल्पनाविलास. मला दोन्हीकडची खात्री उतावळी वाटते. जमेल तसं वाचून माझं जे मत झालंय ते मांडतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

खरी अडचण अशी की एकाच नावाखाली अगदी वेगळ्या कुळातले दावे एकत्र नांदतात आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

सगळ्यात साधा दावा असा, की आपल्याला दिसतं त्याच्या पलीकडेही अवकाश आहे. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. प्रसरण धरून आज दृश्य विश्वाची त्रिज्या येते सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं. ही आपल्या नजरेची हद्द आहे, विश्वाची नव्हे. प्लांक उपग्रहाच्या मोजणीत अवकाशाची वक्रता, म्हणजे ते सपाट नसून किती वळलेलं आहे ते माप, जवळपास शून्य आली. अवकाश लहान असून स्वतःवरच मिटलेलं असतं, तर पार्श्वप्रारणात, म्हणजे सुरुवातीच्या तप्त विश्वातून उरलेल्या आणि सगळीकडून येणाऱ्या क्षीण प्रारणात, एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसायला हव्या होत्या. शोधूनही त्या दिसल्या नाहीत. तेव्हा हद्दीपलीकडे बरंच काही आहे हे मी जवळपास निश्चित धरतो. पण तिथेही नियम हेच, अवकाश हेच. त्याला ‘दुसरं विश्व’ म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

दुसरा दावा इन्फ्लेशनमधून येतो. ॲलन गथ यांनी १९८१ साली मांडलं की जन्मानंतरच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व अफाट फुगलं. आकाशाच्या विरुद्ध टोकांचं तापमान इतकं सारखं का आणि अवकाश इतकं सपाट का, ही दोन जुनी कोडी त्यातून सुटली. शिवाय एक नेमकं भाकीत निघालं : सुरुवातीचे घनतेतले चढउतार लहानमोठ्या सगळ्या मापांवर जवळपास सारखे असतील, पण तंतोतंत सारखे नसतील. तंतोतंत सारखे असते तर जो घातांक १ आला असता, तो प्लांकने मोजला तेव्हा ०.९६५ च्या आसपास निघाला. हे मोठं यश आहे. पुढे व्हिलेन्किन यांनी १९८३ साली आणि लिंडे यांनी १९८६ साली दाखवलं की अशा बऱ्याच प्रारूपांत इन्फ्लेशन सगळीकडे एकदम थांबत नाही. एका ठिकाणी थांबलं की तिथे एक बुडबुडा तयार होतो, आणि बाकीचं फुगतच राहतं. त्याला स्ट्रिंग सिद्धांताची (मूलकणांऐवजी सूक्ष्म तंतू मानणाऱ्या) जोड दिली, ज्यात निर्वाताच्या, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या, शक्य अवस्थांचा नेहमी दिला जाणारा अंदाज १ वर ५०० शून्यं इतका आहे, की प्रत्येक बुडबुड्यात निसर्गाचे स्थिरांक वेगळे असू शकतात.

तिसरा दावा ह्यू एव्हरेट यांचा, १९५७ सालचा. क्वांटम समीकरण जसंच्या तसं घ्या, मोजमापाच्या वेळी त्यातल्या अनेक शक्यता ‘कोसळून’ एकच उरते असं मानू नका, म्हणजे प्रत्येक शक्य निकालाची एक शाखा उरते. आणि चौथा टेगमार्क यांचा : गणितात बसणारी प्रत्येक रचना खरोखर अस्तित्वात आहे. चौथ्याबद्दल मी बोलणार नाही, कारण तो खोटा ठरण्याची वाटच त्यात ठेवलेली नाही.

आता माझा निकष. सिद्धांत कसोटीला उतरला असेल तर त्याच्या न दिसणाऱ्या परिणामांवरही विश्वास ठेवावा लागतो. कृष्णविवराच्या आत जाऊन कुणी परत येऊन सांगणार नाही, तरी तिथलं आइनस्टाइनचं गणित आपण बरंच मानतो. मात्र हा विश्वास सिद्धांताच्या ज्या भागाची तपासणी झाली आहे, तेवढ्या भागातूनच पुढे पोचतो. इन्फ्लेशनच्या बाबतीत पार्श्वप्रारणातून तपासला गेलाय तो प्रक्रियेचा एक छोटासा तुकडा. बुडबुडे कायम जन्मत राहतात की नाही हे फुगवणाऱ्या ऊर्जेच्या आलेखाचा जो भाग आपण कधी पाहिलाच नाही, त्याच्या आकारावर ठरतं. म्हणून इन्फ्लेशनला जेवढे गुण द्यावेत तेवढे अनंत बुडबुड्यांना देता येत नाहीत.

प्रवेगक

मूळचा ग्वाल्हेरचाच, सध्या इंदूरला सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, काम करतो. गोपाद्री, मांडणी चांगली आहे, पण तुम्ही इन्फ्लेशनलाच फार सैल सोडलंत.

आमच्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेतात. इन्फ्लेशनची ऊर्जा, जास्तीत जास्त धरली तर, याच्या १ वर १५ शून्यं एवढ्या पटीपेक्षाही वर जाते. जिनिव्हाचं कण आदळवणारं मोठं यंत्रसुद्धा तिथून जवळजवळ लाख कोटी पट खाली आहे. त्या ऊर्जेला पदार्थ कसा वागतो हे कुठल्याही प्रयोगशाळेत कुणी पाहिलेलं नाही.

माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट सांगतो. बीमलाइनवर, म्हणजे क्ष-किरणांच्या झोतात, नमुन्याची पूड भरलेली बारीक काचनळी (केशनळी) लावण्याआधी आम्ही रिकामी नळी मोजतो. काचेचं विकिरण, हवेचं विकिरण, सगळं आधी नोंदवून ठेवतो. मग नमुन्याचा आलेख येतो त्यातून ते वजा करतो. नमुना नसताना काय दिसतं हेच माहीत नसेल तर नमुन्याबद्दल एक अक्षर बोलायचा अधिकार नाही, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतात. बहुविश्वात ही रिकामी नळी कुठे आहे? एकच विश्व असतं तर काय दिसलं असतं आणि अनेक असताना काय वेगळं दिसतं? हा फरक दाखवा, मी पुढे ऐकतो.

आणि या विषयातली घाई आपण पाहिली आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगाने आद्य गुरुत्वीय लहरींची, म्हणजे इन्फ्लेशनच्या वेळी अवकाशातच उठलेल्या तरंगांची, खूण सापडल्याचं जाहीर केलं. लगेच बहुविश्वाचा पुरावा मिळाल्याचे मथळे आले. जानेवारी २०१५ पर्यंत प्लांकच्या माहितीशी ताडून पाहिलं, तर तो संकेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येत होता. मधल्या काळात, डिसेंबर २०१४ मध्ये, जॉर्ज एलिस आणि जो सिल्क या विश्वशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की तपासता न येणाऱ्या कल्पनांना विज्ञानाचा दर्जा द्यायला लागलो तर भौतिकशास्त्राची पतच धोक्यात येईल. मी त्यांच्या बाजूचा.

लष्करवाली

वाचतेय. एक प्रश्न. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा जयघोष आपण लहानपणापासून करत आलो. भागवतात असंख्य ब्रह्मांडांचा उल्लेख आहे. मग हे आपल्याकडे आधीच होतं असं म्हणायला काय हरकत आहे?

मीमांसक

ताई, जयघोषाला कसली हरकत असणार! योगवासिष्ठातल्या लीलेच्या आख्यानात तर एका जगाच्या पोटात दुसरं जग, त्याच्या पोटात तिसरं. पण तिथे प्रयोजन वेगळं आहे. मनाचं स्वरूप दाखवायचं, परमेश्वराची थोरवी सांगायची. आकाशाच्या मोजमापातून काढलेलं ते अनुमान नव्हे. त्यावर आजच्या भौतिकीचा शिक्का मारला तर दोन्हीचं नुकसान होतं. उद्या बहुविश्व खोटं ठरलं तर भागवत खोटं ठरवणार का?

आपल्या परंपरेकडून इथे खरंच काही घ्यायचं असेल तर ते प्रमाणशास्त्र, म्हणजे ज्ञान कशाच्या आधारे खरं मानायचं याचा विचार. या वादाला ते इतकं चपखल बसतं की आपली माणसं ते का वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

मीमांसा दर्शनाच्या जुन्या पंडितांनी सांगितलं की वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असं ठरत नाही. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचंच न दिसणं हा पुरावा. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर हत्ती दिसत नाही म्हणजे हत्ती नाही. टेबलावर जंतू दिसत नाहीत म्हणून जंतू नाहीत असं होत नाही. दुसरी विश्वं दिसण्याजोगीच नाहीत, म्हणून त्यांच्या न दिसण्याने काहीच ठरत नाही. मंडळातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप तेवढ्यापुरता गळतो.

पण पुढचं पाऊल बहुविश्ववाद्यांना अडतं. त्यांचा युक्तिवाद अर्थापत्तीचा आहे, म्हणजे दिसतं त्याची संगती लागावी म्हणून न दिसणारं मानणं. देवदत्त जाडा आहे, दिवसा जेवत नाही, अर्थात रात्री जेवत असणार. निसर्गाचे स्थिरांक जीवसृष्टीला इतके अनुकूल आहेत, अर्थात पुष्कळ विश्वं असणार आणि आपण अनुकूल विश्वात सापडलो. आता अर्थापत्ती लागू पडते ती दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक नसेल तेव्हाच. देवदत्ताला सूज आली असण्याची शक्यता असेल तर रात्रीचं जेवण सिद्ध होत नाही. स्थिरांक तसेच का आहेत हे सांगणारा अधिक खोलचा नियम उद्या सापडू शकतो. ती वाट कुणी बंद केलेली नाही. ती उघडी आहे तोवर ही अर्थापत्ती अपुरी.

राहिला कल्पनागौरवाचा दोष : एका विश्वाचं कोडं सोडवायला अगणित विश्वं कशाला? हा आक्षेप लोकांना फार आवडतो, मला तो दुबळा वाटतो. गौरव-लाघव मोजायचं ते किती स्वतंत्र तत्त्वं गृहीत धरली यावर. त्यातून वस्तू किती निपजल्या यावर नव्हे. पाण्याच्या थेंबात अगणित अणू मानावे लागले म्हणून अणुवाद कुणी टाकून दिला नाही.

साधा_वाचक

मीमांसक, +१. बुद्धांनी लोक अंतवान की अनंत हा प्रश्न अव्याकृत, म्हणजे मुद्दाम अनुत्तरित, ठेवला होता, त्याचीही आठवण झाली.

उत्तररात्र

गोपाद्रीदादा, मीमांसककाका, मी संख्याशास्त्राची. अनुकूल स्थिरांकांवरून पुष्कळ विश्वांकडे जाणारं अनुमान खरोखर चालतं का, यावर जरा थांबू या. या वादातलं सगळ्यात नाजूक कोडं मला हेच वाटतं.

१९८७ साली इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने असं मांडलं. तुम्ही एका खोलीत शिरता. त्याच क्षणी कुणी दोन फासे टाकतं आणि सहा-सहा पडतात. तुम्ही म्हणता, "अरे, हे लोक इथे रात्रभर खेळत असणार." हे चूक आहे. आधी किती डाव झाले याचा या एका डावात सहा-सहा पडण्याशी काही संबंध नाही. आता वेगळी परिस्थिती घ्या : तुम्हाला बाहेर बसवलंय आणि सहा-सहा पडल्यावरच आत बोलावणार असं ठरलंय. तुम्हाला बोलावणं आलं. आता मात्र पुष्कळ डाव झाले असतील असं म्हणायला जागा आहे, कारण एकच डाव असता तर बोलावणं येण्याची शक्यता ३६ मध्ये १ होती.

आपण यातल्या कोणत्या खोलीत आहोत? बहुविश्ववादी म्हणतात दुसऱ्या : प्रतिकूल विश्वात कुणी जन्मलंच नसतं, म्हणजे निवड आधीच झालेली आहे. रॉजर व्हाइट यांनी २००० साली उलट बाजू लावून धरली. बाकीची विश्वं किती का असेनात, त्यामुळे *हे* विश्व अनुकूल होण्याची शक्यता रतीभरही वाढत नाही. आपण काही बाहेर बसून वाट पाहत नव्हतो, की जिथे सहा-सहा पडेल तिथे आपल्याला पाठवतील.

मी यावर खूप विचार केला आहे. शेवटी सगळं एका गोष्टीवर येऊन अडतं : ‘आपण’ दुसऱ्या एखाद्या विश्वात जन्मू शकलो असतो, या वाक्याला अर्थ आहे का? अर्थ असेल तर अनुमान चालतं, नसेल तर नाही. आणि हे ठरवायला कोणतंही निरीक्षण कामाला येत नाही. म्हणून स्थिरांकांच्या अनुकूलतेला मी बहुविश्वाचा पुरावा म्हणून फारच थोडं वजन देते.

दुसरी अडचण मोजण्याची. अनंत बुडबुड्यांपैकी किती टक्के आपल्यासारखे, हे सांगितल्याशिवाय भाकीत होत नाही. पण अनंतात टक्के काढायचे कसे? १, २, ३, ४ असे आकडे मांडले तर निम्मे सम. तेच आकडे १, ३, २, ५, ७, ४, ९, ११, ६ असे मांडले तर एक तृतीयांश सम. एकही आकडा गाळलेला नाही, फक्त रांग बदलली. बुडबुड्यांची स्वाभाविक रांग कोणती हे कुणालाच ठरवता आलेलं नाही. एका पद्धतीने मोजलं तर आपलं विश्व याहून कितीतरी तरुण असायला हवं असं निघतं. दुसऱ्या पद्धतीने, उत्क्रांतीने घडलेल्या निरीक्षकांपेक्षा निव्वळ चढउतारातून क्षणभर घडलेले मेंदू अमाप जास्त निघतात.

आपल्या किल्ल्यावर चढताना चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या भिंतीवरचा इसवी सन ८७६ चा लेख सगळ्यांना शून्यासाठी माहीत आहे. २७० मधलं ते शून्य जवळून पाहिलं तर शेजारच्या अंकांपेक्षा लहान आणि किंचित वर काढलेलं आहे. मला मात्र त्या लेखातला हिशेब जास्त भावतो. बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद. देवाला रोज ५० माळा. आणि हात कोणता, तर राजमान्य मापाचा. आकड्याबरोबर माप दिलंय, म्हणून आज साडेअकराशे वर्षांनीही त्या दानपत्राला अर्थ आहे. अनंत बुडबुड्यांच्या सिद्धांतात आकडे आहेत, माप नाही.

गोपाद्री

उत्तररात्र, मोजण्याच्या अडचणीवर पूर्ण सहमत. पण "कोणतंही निरीक्षण कामाला येत नाही" हे मला मान्य नाही. एक ठोस गोष्ट पुढे ठेवतो.

निर्वाताची ऊर्जा किती असावी याचा सरळसोट सैद्धांतिक अंदाज प्रत्यक्षापेक्षा १ वर १२० शून्यं इतक्या पटीने चुकतो. १९८० च्या दशकात बहुतेकांचा समज होता की ती कुठल्यातरी अज्ञात कारणाने बरोबर शून्य असणार. १९८७ साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी वेगळा विचार केला. ही ऊर्जा विश्वागणिक वेगळी असेल, तर ती फार मोठी असलेल्या विश्वात दीर्घिका जमण्याआधीच सगळं विखुरलं जाईल आणि पाहणारं कुणी उरणार नाही. म्हणजे आपल्याला ती एका मर्यादेच्या आत सापडेल. पण ती बरोबर शून्य असण्याचं काही कारण नाही. मग १९९८ साली दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं दाखवलं. ऊर्जा शून्य नव्हती आणि वाइनबर्ग म्हणाले तशीच लहान होती. निरीक्षणाच्या अकरा वर्षं आधी केलेलं हे भाकीत आहे. ‘या कल्पनेतून काहीच निघत नाही’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

प्रवेगक

उत्तर देतो. वाइनबर्ग यांनी निर्वाताची ऊर्जा तेवढी बदलू दिली आणि बाकीचे स्थिरांक जागच्या जागी धरून ठेवले. सुरुवातीच्या घनतेतले चढउतारही विश्वागणिक बदलू दिले, तर जास्त चढउतारांच्या विश्वात दीर्घिका लवकर जमतात आणि जास्त निर्वात-ऊर्जाही खपून जाते. मर्यादा ढिली पडते. कोणते स्थिरांक बदलतात, कोणते नाहीत, आणि किती वारंवार, हे सांगणारा सिद्धांत हातात नाही. मग आलेल्या उत्तराशी जुळेल तेवढेच बदलू देण्याचा मोह होणारच. वाइनबर्ग यांचं धाडस मला मान्य आहे. त्याला मी एक चांगला ठोकताळा म्हणेन, कसोटी नाही म्हणणार.

आणि हेही लक्षात घ्या की आक्षेप बाहेरच्यांचे नाहीत. पॉल स्टाइनहार्ट हे इन्फ्लेशनच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. सगळंच घडू शकत असेल तर सिद्धांत काहीच सांगत नाही, हे त्यांचंच म्हणणं. २०१७ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ते एका मासिकात मांडलं, तेव्हा गथ, लिंडे, हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सही करून उत्तर पाठवलं.

बारावीनंतर

काका, एव्हरेटबद्दल विचारायचं होतं. पानिपतावर महादजी शिंदे जखमी होऊन पडले होते आणि राणेखान भिस्त्याने त्यांना उचलून नेलं, हे घरी नेहमी ऐकतो. मग एखाद्या शाखेत राणेखान तिथे पोचलाच नाही आणि आज ग्वाल्हेरात आपण कुणीच नाही, असं आहे का? आणि सगळंच कुठेतरी घडत असेल तर मी अभ्यास केला काय, न केला काय?

गोपाद्री

बाळा, दोन्ही प्रश्न चांगले आहेत, दोन्हींची उत्तरं वेगळी.

एव्हरेटच्या म्हणण्यात ‘मनात येईल ते सगळं घडतं’ असं कुठेही नाही. समीकरणात ज्याला स्थान आहे तेवढंच घडतं, आणि प्रत्येक शाखेला वजन असतं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडणारी शाखा नाही. राणेखान न पोचणारी शाखा असायला त्या दिवसाच्या घटनांचं मूळ कुठल्यातरी क्वांटम घटनेत जायला हवं आणि तो फरक वाढत वाढत माणसांपर्यंत यायला हवा. हवामानासारख्या गोष्टींत असं होत असेलही. पण ‘इतिहास वेगळा घडला असता’ या आपल्या रोजच्या बोलण्याचं एव्हरेट आपोआप समर्थन करतो असं समजू नकोस.

मी एव्हरेटला अनंत बुडबुड्यांपेक्षा बरेच जास्त गुण देतो आणि त्याचं कारण प्रवेगक यांना हवी असलेली रिकामी नळी इथे आहे. शक्यतांचं हे कोसळणं कुठेतरी खरोखर होतं असं मानणारे सिद्धांत आहेत, १९८६ सालचा गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांचा सगळ्यात प्रसिद्ध. तो खरा असेल तर मोठ्या वस्तूंत क्वांटम व्यतिकरण, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक शक्य मार्गांनी लाटांसारखं एकमेकांत मिसळणं, दिसेनासं व्हायला हवं. २०१९ साली व्हिएन्नाच्या गटाने जवळपास २००० अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दाखवलं, कुठेही कोसळणं दिसलं नाही. २०२० साली इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, गुरुत्वाकर्षणामुळे कोसळणं होतं या कल्पनेच्या सगळ्यात साध्या रूपातून जे प्रारण निघायला हवं होतं, ते मिळालं नाही. उद्या कोसळणं सापडलं तर एव्हरेट संपला. इतकी स्पष्ट हार पत्करायला तयार असलेल्या कल्पनेला विज्ञान म्हणायला माझी हरकत नाही.

त्याची कमजोरी शक्यतेत आहे. सगळेच निकाल घडतात तर ‘७० टक्के शक्यता’ याचा अर्थ काय? डेव्हिड डॉइच यांनी १९९९ साली विवेकी माणूस पैज कशी लावेल यावरून हे आकडे काढून दाखवले. पुष्कळांना ते पटलेलं नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर शाखांचं वजन तुझ्या तयारीवरच अवलंबून आहे. तू बसून वाचलंस तर जास्त वजनाच्या शाखांत तुला ते येतं. वाचलं नाहीस तर उलट. एकच विश्व असतं तरी हिशेब हाच होता.

उत्तररात्र

दादा, इथे तुमचाच निकष तुम्हाला लावते. कोसळणं सापडलं तर एव्हरेट पडेल हे खरं. पण न सापडल्याने एव्हरेट जिंकत नाही. १९५२ सालच्या डेव्हिड बोम यांच्या मांडणीतही कोसळणं नाही, भाकितं तीच, आणि जग एकच. व्हिएन्नाचा प्रयोग दोघांच्याही खात्यावर सारखाच जमा होतो. तपासला गेलेला भाग आहे तो समीकरणाचा. शाखा खऱ्या मानायच्या की नाही हा निर्णय त्यात येत नाही.

गोपाद्री

>> तपासला गेलेला भाग आहे तो समीकरणाचा

बरोबर. म्हणूनच जास्त गुण म्हटलं, पैकीच्या पैकी नाही. बोमच्या मांडणीतही तरंगफलनाची, म्हणजे समीकरण ज्याचं वर्णन करतं त्या तरंगाची, शाखांची सगळी रचना राहतेच, वर कणांचे मार्ग वेगळे जोडावे लागतात. मीमांसकांच्या भाषेत एक तत्त्व अधिक. त्यामुळे माझा कल एव्हरेटकडे आहे.

कंपूतला_मास्तर

उशिरा आलो. जयंतराव नारळीकरांचं नाव कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पानिपताचा निकाल उलटा लागलेल्या जगाची कथा त्यांनी मराठीत कधीच लिहून ठेवली आहे, आणि क्वांटम सिद्धांताचा आधार घेऊनच. पण कथाकार म्हणून ज्या कल्पनेला त्यांनी जागा दिली, तिला वैज्ञानिक म्हणून सहज पास केलं नसतं. महास्फोटाच्या पहिल्या क्षणांबद्दल बोललं जाणारं भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, हा आक्षेप ते आयुष्यभर घेत आले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८ सालचा स्थिर स्थिती सिद्धांत आज कुणी मानत नाही. पण तो कसा पडला ते पाहा. विश्व सर्व काळी सारखंच दिसेल असं त्याने ठणकावून सांगितलं. दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी त्याच्याशी जुळली नाही, १९६५ साली पार्श्वप्रारण सापडलं आणि सिद्धांत मागे पडला. त्याने स्वतःला पणाला लावलं होतं. अनंत बुडबुड्यांनी काय पणाला लावलंय एवढंच मला सांगा. गोपाद्रींनी चारही दावे वेगळे केले हे उत्तम, पण या एका प्रश्नाचं उत्तर धाग्यात अजून आलेलं नाही.

बारावीनंतर

मास्तर, हाच माझाही प्रश्न. आता बायसेपसारख्या प्रयोगांत त्या लहरी खरंच सापडल्या तर?

गोपाद्री

मास्तर, उत्तर आहे, आणि ते बायसेपकडून येणार नाही. घनतेतल्या चढउतारांच्या तुलनेत आद्य गुरुत्वीय लहरींचं जे प्रमाण असेल, त्यावर २०२१ साली त्याच गटाने ०.०३६ ही वरची मर्यादा घातली. जपानचा लाइटबर्ड उपग्रह पुढच्या दशकात याहून बारीक पाहील. लहरी सापडल्या तर इन्फ्लेशन किती ऊर्जेला झालं ते कळेल आणि आलेखाचे बरेच आकार बाद होतील. पण ते पुन्हा त्याच छोट्या तुकड्याबद्दल असेल. बुडबुड्यांबद्दल त्यातून थेट काही कळणार नाही. दोन बुडबुडे आदळल्याची गोल खूण पार्श्वप्रारणात शोधायचा प्रयत्न २०११ साली डब्ल्यूमॅप या प्लांकच्या आधीच्या उपग्रहाच्या माहितीवर झाला. खात्रीची एकही सापडली नाही. पण ती नसण्यानेही सिद्धांत पडत नाही, कारण टक्कर आपल्या नजरेच्या हद्दीत व्हायलाच हवी असं नाही. मीमांसकांची योग्यानुपलब्धी इथे लागू होत नाही.

लागू होते ती वक्रतेला. आपलं विश्व बुडबुड्यातून जन्मलं असेल तर त्याची वक्रता ऋण (खोगिरासारखी) असणार, किंवा मोजता येणार नाही इतकी लहान. २०१२ साली गथ आणि नोमुरा, तसंच क्लेबान आणि शिलो यांनी दाखवलं की अवकाश धन वक्रतेचं, म्हणजे गोलासारखं मिटणारं निघालं आणि त्या वक्रतेचं प्रमाण दहा हजारात एकाहून ठळकपणे जास्त भरलं, तर बुडबुड्यांचं हे चित्र बाद होतं. गथ स्वतः त्या शोधनिबंधाचे लेखक आहेत. आजच्या मोजणीतली अनिश्चितता हजारात दोनच्या आसपास आहे, म्हणजे साधारण वीसपट बारीक मोजावं लागेल.

प्रवेगक

ही चाचणी मला मान्य. धन वक्रता दिसली तर बाद, असं आधी लिहून ठेवलंय, हे महत्त्वाचं. यापुढे या विषयावर कुणी बोलायला आलं तर मी वक्रतेचंच विचारणार.

उत्तररात्र

आणि वीसपट बारीक मोजूनही वक्रता शून्यच आली तर?

गोपाद्री

तर इन्फ्लेशन टिकेल, आणि बुडबुड्यांबद्दल तुम्ही आणि मी आज आहोत तिथेच असू.